आवाजाची खोली

इस्त्री चादरीच्या मधोमध होती आणि दिवे गेले.

बाईंनी इस्त्री उभी करून ठेवली, क्षणभर डोळे मिटले आणि आतल्या खोलीच्या बंद दाराकडे तोंड करून म्हणाल्या, "अहो, गेली."

"तू इस्त्री लावलीस का?" दाराआडून आवाज आला.

"नाही. नाचत होते."

"लावताना सांगायचं असतं. मी दोन कार्डं थांबवली असती."

"माझ्या घरात इस्त्रीला परवानगी काढू?"

"परवानगी नाही गं. कळवायचं. लोड वाढतो."

दार उघडून फोरमन बाहेर आले. कपाळावर बॅटरी बांधलेली, अंगात हिवाळ्याच्या दिवसांतही नुसता बनियन, कारण त्या खोलीत बारा महिने उन्हाळा असे. ते स्वयंपाकघरातल्या मीटरच्या पेटीकडे निघाले. जाताना पॅसेजमध्ये उभ्या करून ठेवलेल्या पलंगाला त्यांचा खांदा लागला. गेली काही वर्षं रोजच लागत होता, आणि रोजच ते पलंगाकडे असे बघत, जणू तो आजच कोणी तिथे आणून ठेवला आहे.

फोरमन हे त्यांचं नाव नव्हे आणि हुद्दाही नव्हे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ते मेकॅनिक म्हणून लागले आणि मेकॅनिक म्हणूनच निवृत्त झाले. पण यंत्रांच्या खोलीत त्यांच्याशिवाय कोणाचं काही चालत नसे, म्हणून सगळे फोरमन म्हणायचे. बाई त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर ऑपरेटर होत्या. त्यांना ऑफिसात नुसतं बाई म्हणत, तेही तसंच राहिलं.

"आज बबी येणार आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्या लक्षात आहे का ते तरी सांगा."

"लक्षात आहे म्हणून तर गडबड चाललीय."

"काल खोली रिकामी करणार होतात."

"आज गिऱ्हाईक येतंय ना. चालू यंत्र दाखवलं की विश्वास बसतो. बंद दाखवलं तर म्हणणार, भंगार आहे."

"चारची गाडी आहे तिची. इथे यायला फार तर अर्धा तास. पोरीने काय मागितलंय आपल्याकडे? एक खोली. तिचीच."

फोरमननी पेटीतलं पडलेलं बटण वर केलं. दिवे आले, आणि आतल्या खोलीतले पंखे एकामागून एक फिरू लागले. आधी एक बारीक शीळ, मग दुसरी, आणि मग सगळ्यांचा मिळून तो घोगरा, न थांबणारा आवाज, जो या घराला आता भिंतींसारखाच होता.

बबीचा निरोप चार दिवसांपूर्वी फोनवर आला होता. "मी घरी येतेय. कायमची. माझी खोली तेवढी द्या, आणि काही विचारू नका." बाईंनी तो इतक्या वेळा वाचला होता, की शेवटी फोरमननी फोन काढून घेतला. तेव्हापासून दोघांनी मिळून काहीही विचारलं नव्हतं, एकमेकांनासुद्धा. जावयाचं नाव घरात निघालं नव्हतं. बाई घर घासत सुटल्या होत्या आणि फोरमन खोली रिकामी करत होते. म्हणजे करतो म्हणत होते.

ती खोली अशी होती. जिथे बबीचा पलंग होता तिथे लाकडी पट्ट्यांचा एक सांगाडा, तोही तिच्याच पुस्तकांच्या मांडणीच्या फळ्या कापून केलेला. त्यावर ओळीने उभी केलेली कॉम्प्युटरची ग्राफिक्स कार्डं. एकेक विटेएवढं, पोटाला दोन-तीन पंखे. खाली त्यांना वीज देणारे दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे पॉवर सप्लाय. खिडकीची एक काच काढून तिथे गरम हवा बाहेर फेकणारा पंखा बसवलेला, आणि कोपऱ्यात एक उंच, उभा पंखा, ज्याची जाळी खडखडत असे. छतालगत कपडे वाळत घालायची दोरी. ती बाईंची. पावसाळ्यात सगळ्या इमारतीत फक्त त्यांचेच कपडे कडकडीत वाळत, हे मात्र त्या नाकारत नसत. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका येऊन म्हणायच्या, "तुमच्याकडे गिरणी आहे का हो?" आणि त्यांचं मांजर मात्र ऊब शोधत रोज वर येऊन सांगाड्याखाली झोपायचं. तक्रार खालून, मांजरही खालून, असं बाई म्हणत.

कार्डं काय करतात हे फोरमननी त्यांना अनेकदा समजावलं होतं. जगात कुठेतरी लोक एकमेकांना डिजिटल नाणी पाठवतात. ते व्यवहार पक्के करायला फार अवघड आकडेमोड लागते. ती ही कार्डं करतात, आणि मोबदल्यात नाण्याचा एक तुकडा मिळतो.

"कोण देतं?"

"कोणी देत नाही. ती व्यवस्थाच तशी आहे."

"आणि नाणं कुठंय?"

"ते दिसायचं नसतं गं."

"विजेचं बिल तेवढं दिसतं," बाई म्हणायच्या.

सुरुवातीला थोडंफार दिसलंही होतं. पण ज्या मोठ्या नाण्यासाठी ही सगळी मांडणी होती, त्याने एके दिवशी आपली पद्धतच बदलली. आकडेमोडीची गरज संपली आणि जगभरची कार्डं एका दिवसात बेकार झाली. फोरमन त्या दिवशी जेवले नाहीत. बाईंना ते ओळखीचं वाटलं. इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज सुरू झालं आणि जुन्या यंत्रांची खोली कुलूपबंद केली, त्या दिवशीही ते असेच बसले होते. फरक एवढाच, की यावेळी बंद करा म्हणणारा कोणी साहेब नव्हता. ते किरकोळ, नावं लक्षात न राहणाऱ्या नाण्यांकडे वळले आणि पंखे फिरत राहिले.

त्यांना नाण्यांचं काही नव्हतं, हे बाईंना फार पूर्वीच कळलं होतं. सकाळी उठून ते आधी त्या खोलीत जात, हाताच्या मागच्या बाजूने एकेका कार्डाची ऊब बघत, मऊ ब्रशने पंख्यांवरची धूळ काढत. प्रत्येकाला टोपणनाव होतं. सर्वांत आधी घेतलेली, एकदाही न अडकलेली ती थोरली. पंखा किरकिर करायचा ती रडकी. एक होतं, जे वीज भरपूर खायचं आणि काम बेताचं करायचं. त्याला बबीच्या लग्नानंतर थट्टेने जावई नाव पडलं होतं. बबीनेच ठेवलं होतं, हसत हसत. निरोप आल्यापासून फोरमन त्याला "ते तिसरं" म्हणू लागले होते.

"बंद करा," बाई खोलीच्या दारात येऊन म्हणाल्या.

"गिऱ्हाईक येऊ दे."

"आत्ता. मला जमीन पुसायचीय, पलंग लावायचाय, त्या खिडकीला काच नाहीये. ती रात्री गारठून जाईल."

शेवटचं वाक्य लागू पडलं. फोरमननी की-बोर्डवर काहीतरी टाइप केलं आणि मग हात मागे बांधून उभे राहिले. पंखे मंदावत गेले. शेवटचा थांबेपर्यंत ते हलले नाहीत.

मग मात्र ते भराभर कामाला लागले. कार्डं काढली, एकेक जुन्या टॉवेलच्या तुकड्यात गुंडाळून खोक्यांत ठेवली. वायरी सोडवून टेबलावर टाकल्या. "मी काच कापून आणतो," असं म्हणत खिडकीचं माप घेऊन ते जिना उतरले. "वायरींना हात लावू नकोस," असं त्यांनी म्हटलं असावं. बाई त्या वेळी बादली भरत होत्या.

खोलीत शांतता होती. बाईंना स्वयंपाकघरातलं घड्याळ ऐकू आलं. ते टिकटिक करतं हे त्या विसरूनच गेल्या होत्या.

त्यांनी जमीन पुसली. कपड्यांची दोरी सोडली. मग टेबलावरच्या वायरींकडे वळल्या. साप सोडल्यासारखा तो काळा गुंता बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यात प्रत्येक वायरीच्या टोकाला दोऱ्याची गाठ. जवळ धरून पाहिलं तर लाल रेशीम, आणि काहींना हिरवं. त्यांच्या भरतकामाच्या डब्यातलं. वर्षभर त्या हाच लाल शोधत होत्या, आणि दुकानदाराशी नाही नाही ते बोलून आल्या होत्या.

"म्हणजे चोर घरातच," त्या मांजराला म्हणाल्या. मांजर थंड झालेल्या सांगाड्याखाली बसून त्यांच्याकडे तक्रारीने बघत होतं.

त्यांनी कात्री घेतली आणि सगळ्या गाठी काढून टाकल्या. वायरी ओल्या फडक्याने पुसल्या, सुकवल्या, आणि एक्स्चेंजमध्ये हेडफोनच्या वायरी गुंडाळायला शिकवलं होतं तशी एकसारखी वेटोळी करून खोक्यात रचली. कोणी बघितलं असतं तर कौतुक केलं असतं. मग त्यांनी ओढत ओढत पलंग आत आणला.

फोरमन काच घेऊन आले तेच गिऱ्हाईकाला बरोबर घेऊन. तो मुलांच्या कॉम्प्युटर गेमचं दुकान चालवणारा, हेल्मेट काखेत धरून बोलणारा जाडसर माणूस होता. खोलीत नजर फिरवून तो म्हणाला, "बंद केलंत का, काका? मला चालू बघायचं होतं."

"घरात पाहुणे येणार आहेत," बाई म्हणाल्या, आणि आपल्याच मुलीला पाहुणी म्हटलं म्हणून त्यांनी ओठ आवळले.

"एखादं तरी दाखवा. या नाण्यांच्या मायनिंगचा माल म्हणजे लोक बिचकतात हो. दिवसरात्र राबलेला असतो."

"राबलाय," फोरमन म्हणाले. "खोटं कशाला सांगू? पण राबवलेलं यंत्र कळतं आणि मारलेलंही कळतं. थांबा, थोरली दाखवतो."

"कोण?"

"हे कार्ड."

त्यांनी थोरलीला टॉवेलमधून बाहेर काढलं, सांगाड्यावर बसवलं आणि वायर घ्यायला खोक्यात हात घातला. हात तिथेच राहिला.

"यांचे दोरे कुठे गेले?"

"काढले," बाई म्हणाल्या. "माझे होते ते. चांगलं रेशीम तुम्ही वायरींना बांधता?"

फोरमन दोन वेटोळी हातात घेऊन खिडकीपाशी गेले आणि उजेडात उलटीसुलटी करून बघू लागले. दोन्ही काळ्या. दोन्हींची टोकं सारखी.

"काय झालं, काका?"

"लाल दोरा या सप्लायच्या वायरीला होता, हिरवा त्या दुसऱ्याच्या. टोक दोन्हीकडे बसतं, पण आतली जोडणी वेगळी असते. याची त्याला लावली तर उलटी वीज जाते. व्होल्टेज मोजायचा मीटर लावून बघावं लागेल." त्यांनी इकडे तिकडे पाहिलं. "मीटर कुठल्या खोक्यात गेला?"

"तुम्ही आता खोकी उघडणार?" बाईंचा आवाज चढला. "अहो, पावणेचार झालेत. चादर घालायचीय, काच बसवायचीय, यांचा टेम्पो खाली रस्ता अडवून उभा आहे. वायर म्हणजे वायर. बसतेय ना टोकाला? लावा एकदाची."

"बघून लावतो गं. दहा मिनिटं."

"तुमची दहा मिनिटं मला माहीत आहेत. या दहा मिनिटांपायी पोरगी पॅसेजमध्ये बॅग घेऊन उभी राहील. आधीच कोणाच्या तरी दारातून निघून आलीय ती."

गिऱ्हाईक हेल्मेटची काच वरखाली करत राहिला. फोरमननी घड्याळाकडे पाहिलं, मग पलंगाकडे, मग बाईंकडे. एक्स्चेंजमधल्या एवढ्या वर्षांत त्यांनी न बघता कधी वायर जोडली नव्हती. बाकीचे मेकॅनिक त्यावरून त्यांची नक्कल करायचे. त्यांनी दोन वेटोळ्यांतलं एक निवडलं, टोकं बसवली आणि बटण दाबलं.

आवाज फार मोठा झाला नाही. कोणी बोटं मोडावीत एवढाच. मग थोरलीच्या एका कडेने बारीक, निळसर धूर निघाला आणि खोलीत जळकट, कडू वास पसरला. मांजर उठून निघून गेलं.

"अरेरे," गिऱ्हाईक म्हणाला. "कसं काय झालं?"

बाईंनी तोंड उघडलं. पण फोरमन आधीच बोलले. "माझ्याकडून झालं. खूण बघून लावायला हवं होतं."

"बाकीची तर अशी नाहीत ना?"

"बाकीची ठीक आहेत. पण तुमचा विश्वास बसणार नाही, आणि मी ठेवा म्हणणारही नाही. भंगाराच्या भावाने न्या. दुकानात लावून बघा. चालली तर मुलं खेळतील."

गिऱ्हाईकाने थोडा वेळ मान खाजवली आणि मग खोकी उचलायला सुरुवात केली. सांगाडा नेला, पॉवर सप्लाय नेले, वेटोळी केलेल्या वायरी नेल्या. उभ्या पंख्याला त्याने हात लावून बघितला, जाळी खडखडली. "हा नको," तो म्हणाला. थोरलीही त्याने नेली नाही.

तो गेल्यावर बाई चादर घालू लागल्या. चादरीचा अर्धा भाग इस्त्रीचा होता, अर्धा चुरगळलेला. "मला सांगायचं होतंत ना ते दोरे कशाचे आहेत," त्या चादरीकडे बघत म्हणाल्या.

"सांगितलं असतं तर तू रेशीम दिलं असतंस का?"

"नसतं दिलं. सुतळी दिली असती."

"तेच म्हणतो." फोरमन चौकटीत काच बसवत होते. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "वास जाईल ना गं तिच्या येण्याआधी?"

वास गेला नव्हता. बबी आली, बॅग पॅसेजमध्ये ठेवली आणि नाक वर करून म्हणाली, "काय जळलं?"

"इस्त्री," दोघं एकदमच म्हणाले.

ती हसली नाही, पण हसण्याच्या जवळपास काहीतरी तिच्या चेहऱ्यावर येऊन गेलं. ती बारीक झाली होती. केस कापले होते, स्वतःच कापल्यासारखे. बाईंनी चहा केला. ती उभ्यानेच प्यायली. बाईंच्या जिभेच्या टोकावर प्रश्नांची रांग लागली होती, एक्स्चेंजच्या जुन्या बोर्डवर एकदम सगळे दिवे लागायचे तशी. त्यांनी एकही घेतला नाही. प्रवास कसा झाला, गाडीत जागा मिळाली का, एवढंच.

"बाबा, तुमच्या कारखान्याचं काय झालं?"

"आवरला. कंटाळा आला."

"आणि जावई?" ती पटकन बोलून गेली. मग कप खाली ठेवला. "कार्ड म्हणतेय मी."

"तेही दिलं," फोरमन म्हणाले. "भंगारात."

"बरं केलंत," ती म्हणाली. "मी जरा पडते." तिने बॅग उचलली, खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

बाई आणि फोरमन बाहेरच्या खोलीत बसले. बाहेर ऊन उतरलं होतं. घर इतकं शांत होतं की बाईंना अवघडल्यासारखं झालं. घड्याळ ऐकू येत होतं. खालच्या शिक्षिकांनी कुकर लावला तेही कळलं. थोरली टीपॉयवर टॉवेलच्या तुकड्यावर पडली होती, कडेला काळा डाग घेऊन.

"मीही म्हणत होते गिरणी, गिरणी," बाई हळूच म्हणाल्या. "आता कान दुखतायत."

"एक्स्चेंज बंद झालं तेव्हा मलाही झोप लागत नव्हती."

"तुम्हाला तर तिथे उभ्याने झोप लागायची. मी बघितलंय."

"तू कुठे बघणार? तू आलीस की मी पाठ फिरवायचो."

ते खरं होतं. ऑपरेटरांनी बोर्डवर रडायचं नाही असा नियमच होता. आवाज गोड हवा, पलीकडचा काहीही बोलो. विश्रांतीच्या खोलीबाहेरच सुपरवायझरचं टेबल होतं, तिथे हुंदका दिला तरी ऐकू जायचा. म्हणून मुली खाली यंत्रांच्या खोलीत जायच्या. तिथे हजार यंत्रं खटखटत असत, तिथे कोणी गळा काढला तरी पत्ता लागत नसे. फोनवरच्या कुठल्याशा गिऱ्हाईकाने आईवरून शिवी दिली, तेव्हा बाई पहिल्यांदा तिथे गेल्या होत्या. एक तरुण मेकॅनिक शिडीवर होता. त्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, शिडीवरून उतरला, पाठ केली आणि ब्रश घेऊन स्वच्छ असलेलंच यंत्र साफ करत राहिला. त्या निघेपर्यंत.

आतून आवाज आला.

आधी वाटलं बबी खोकली. मग कळलं, की ती उशीत तोंड खुपसून आवाज दाबते आहे, आणि तो दाबला जात नाही. या घराच्या भिंती पातळ आहेत हे बाईंना एवढ्या वर्षांत कधी जाणवलंच नव्हतं. आतला आवाज मधेच एकदम थांबला. आपण ऐकू जातोय हे तिच्याही लक्षात आलं असावं. मग एक लांब, कापरा श्वास, आणि पुन्हा काही नाही. नुसतं घड्याळ.

बाई उठल्या आणि दाराकडे निघाल्या. फोरमननी त्यांचा हात धरला. त्यांनी रागाने त्यांच्याकडे पाहिलं. पोर आत अशी, आणि हा माणूस इथेही दहा मिनिटं मागणार.

पण फोरमन उठले होते. बबीच्या खोलीतून काढून भिंतीशी ठेवलेला उभा पंखा त्यांनी उचलला, पॅसेजमध्ये नेला आणि बबीच्या दाराशी ठेवला. तोंड दाराकडे नव्हे, भिंतीकडे केलं. वायर प्लगला लावली.

"एवढ्या थंडीत," बाई म्हणू लागल्या, आणि थांबल्या.

फोरमननी बटण थेट तीनवर नेलं. जाळी खडखडली, पाती घरघरली आणि पॅसेज त्या ओबडधोबड आवाजाने भरून गेला. घड्याळ ऐकू येईनासं झालं. कुकर ऐकू येईनासा झाला. आतून काही येत होतं की नाही, ते आता आत असलेल्या एकटीलाच माहीत.

ते परत येऊन बसले. खुर्ची वळवून त्यांनी पॅसेजकडे पाठ केली, थोरलीला मांडीवर घेतलं आणि खिशातला ब्रश काढून तिच्या पंख्यांवरून फिरवू लागले. पंख्यांवर धूळ नव्हती.

बाई थोडा वेळ उभ्याच राहिल्या. मग त्यांनीही आपली खुर्ची वळवली.